हिंवाळ्यांतील तापविलेली हवा आणि आपला घसा

शाळामास्तराचें सारें भांडवल म्हणजे त्याचा घसा. चौतीस वर्षें खडूच्या धुळींत उभें राहून मीं साठ-साठ मुलांना शेवटच्या बांकापर्यंत ऐकूं जाईल अशा आवाजांत शिकविलें. पण घशानें कधीं दगा दिला नाहीं. तो दिला सेवानिवृत्तीनंतर, मुलीच्या घरीं, मऊ खुर्चींत बसून नातीला गोष्ट सांगतांना.

२०२४ सालच्या जानेवारींत मी शिकागो शहरीं मुलीकडे होतों. बाहेर पारा शून्याखालीं दहा अंश, कांहीं दिवस त्याहूनही खालीं. घरांत मात्र नुसत्या सदऱ्यावर वावरावें इतकी ऊब. तिकडे पुष्कळ घरांच्या तळघरांत एक भट्टी असते. ती हवा तापविते व जाळीच्या झरोक्यांतून खोल्याखोल्यांत सोडते. धूर नाहीं, राख नाहीं. मीं त्या व्यवस्थेची मनांतल्या मनांत तारीफ केली. चौथ्या दिवशीं पहाटे जाग आली ती घशांत कुसळ अडकल्यासारखें वाटून. आठवडाभरांत आवाज इतका बसला, कीं गोष्टींतला राक्षस आणि राजकन्या एकाच घोगऱ्या स्वरांत बोलूं लागलीं. नात म्हणाली, "आजोबा, आज आईला सांगूं दे." तें मला फार लागलें.

मला वाटलें, थंडी बाधली. म्हणून रात्रीं खोलीची ऊब आणखी वाढविली. सकाळीं तर शब्दच उमटेना. तेव्हां मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हांला थंडी नाहीं बाधली, कोरड बाधली आहे."

तिचें म्हणणें फळ्यावर मांडून दाखविण्यासारखें आहे. हवा जितकी उष्ण, तितकी तिची पाण्याची तहान मोठी. शून्याखालीं दहा अंशांवरची एक घनमीटर हवा फार तर सव्वादोन ग्रॅमच्या आसपास बाष्प धरूं शकते. तीच घरांत येऊन २१ अंशांपर्यंत तापली, कीं तिची धारणशक्ति सुमारें १८ ग्रॅम होते. पाणी मात्र होतें तेवढेंच. म्हणजे बाहेर जी हवा शेंकडा १०० भरलेली होती, ती घरांत शेंकडा सुमारें १२ भरलेली उरते. स्वयंपाक, स्नान, माणसांचे श्वास ह्यांनीं थोडी भर पडते, इतकेंच. भट्टी हवेंतलें पाणी काढून घेत नाहीं. ती हवेची तहान वाढविते. आणि मी रात्रभर नेमकें तेंच करीत होतों.

ही तहानलेली हवा मग आपल्या नाकाघशांतला ओलावा ओढून घेते. तेथील अस्तरावर श्लेष्म्याचा पातळ थर असतो, आणि केसांहूनही सूक्ष्म असे तंतु तो थर धुळीसकट सारखा पुढें ढकलीत असतात. थर घट्ट झाला, कीं हें काम मंदावतें आणि घसा खवखवूं लागतो. नाक हवा गाळतें, ऊन करतें, ओलावतें. पण नाक चोंदलेलें असलें म्हणजे आपण झोपेंत तोंडानें श्वास घेतों व कोरडी हवा थेट घशावर येते. माझें तेंच झालें होतें.

उपाय साधे आहेत. रात्रीं ऊब कमी करून, १८ अंशांच्या आसपास ठेवून, अंगावर एक पांघरूण अधिक घ्यावें. दिवसा थोडें थोडें पाणी पीत राहावें. चोंदलेल्या नाकासाठीं मिठाच्या पाण्याचा फवारा औषधाच्या दुकानांत मिळतो. पेलाभर कोमट पाण्यांत चहाचा अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या कराव्या. मध चाटावा, पण वर्षाच्या आंतील बाळास मध कदापि देऊं नये. आवाज बसला असतां कुजबुजून बोलूं नये, त्यानें गळ्याला विश्रांति मिळत नाहीं, गप्प बसावें. मास्तराला हें पथ्य सर्वांत कठीण!

हवेला ओलावा देणारें यंत्रही मिळतें. मात्र त्यांतलें पाणी रोज बदलावें, भांडें घासावें आणि शक्य तर ऊर्ध्वपातित पाणी घालावें. नाहीं तर बुरशीचे व जंतूंचे कण त्याच वाफाऱ्याबरोबर छातींत जातात. मुलीनें आर्द्रता मोजणारें एक लहान उपकरण भिंतीवर लावलें. आंकडा ३० ते ५० च्या दरम्यान असावा. कांचांवर पाणी ओघळूं लागलें, तर ओलावा फार झाला असें समजावें. नात रोज संध्याकाळीं तो आंकडा मोठ्यानें वाची, आणि ३५ च्या वर असला तर मला गोष्ट सांगण्याची परवानगी मिळे.

घोगरेपणा तीन आठवड्यांहून अधिक राहिला, ताप आला, गिळतांना वा श्वास घेतांना त्रास झाला, थुंकींत रक्त दिसलें किंवा मानेंत गांठ लागली, तर मात्र घरगुती उपाय बाजूला ठेवून डॉक्टर गांठावा.

आतां आपल्याकडची एक गोष्ट सांगणें मला अवश्य वाटतें. १९८४ च्या हिंवाळ्यांत मी निफाडकडच्या एका खेड्यांत नोकरीस होतों. तिकडची थंडी प्रसिद्धच आहे. एका रात्रीं आम्हीं कोळशाची शेगडी खोलींत घेऊन दारेंखिडक्या लावून घेतलीं. हवा बाधूं नये म्हणून शेजारीं पाण्याचें घमेलेंही ठेवलें. मध्यरात्रीं पत्नीला कसेंसेंच झालें, डोकें फुटूं लागलें, ओकारी आली. ती कशीबशी दारापर्यंत गेली व तिनें कडी काढली. म्हणून आज मी आपल्याशीं बोलत आहें. जळत्या कोळशांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो पाण्यांत जवळजवळ विरघळतच नाहीं. घमेल्यानें हवेची कोरड किंचित् कमी होईल. त्या वायूपुढें तें निरुपयोगी आहे. मुलीच्या घरीं झोपण्याच्या खोलीबाहेर हा वायु ओळखून कर्कश वाजणारी एक डबी होती. इलिनॉय राज्याच्या कायद्यानें २००७ पासून ती सक्तीची आहे. आपल्या घरांत अशी डबी बहुधा नसते. तेव्हां शेगडी पेटविलीच, तर खिडकी उघडी ठेवावी, आणि निजण्यापूर्वीं ती निखाऱ्यांसकट बाहेर अंगणांत नेऊन ठेवावी.