पाचशे फुटांखालचा धडा

विमानांची टंचाई, परवान्यांना होणारा उशीर हे विषय उड्डाण प्रशिक्षकांच्या या परिषदेत निघतीलच. मी बोलणार आहे ते इंजिन दगा देतं तेव्हा शिकाऊ वैमानिकाच्या वाट्याला येणाऱ्या जमिनीबद्दल.

25 जुलै 2022 रोजी बारामतीहून उडालेलं सेस्ना 152 जातीचं विमान इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात कोसळलं. आत एकटी विद्यार्थिनी होती. विमान मोडलं, मुलगी किरकोळ जखमांवर बचावली, गावकरी धावून आले. माझ्या लेखी त्या दिवसाचा हिशेब इथेच पूर्ण होतो: माणूस वाचला. अपघाताचा तपास दोषी ठरवण्यासाठी नसतो, पुढचा अपघात टाळण्यासाठी असतो, हे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट 13 मध्ये लिहिलेलं आहे. म्हणून प्रश्न आपण स्वतःला विचारू. अशा उतरण्यासाठी आपण विद्यार्थ्यांना किती तयार करतो?

आपण थ्रॉटल मागे ओढतो. विद्यार्थी शेत निवडतो, वारा बघतो, वळसे घेत खाली येतो. पाचशे फुटांच्या आसपास आपण ‘गो अराउंड’ म्हणतो आणि विमान पुन्हा वर जातं. यात गैर काही नाही, सरावासाठी कुणाच्या शेतात उतरता येत नाही. पण त्या पाचशे फुटांखाली काय होतं ते शिकवायचं राहून जातं. हाडं मोडतात ती तिथेच.

दोन हजार फुटांवरून हिरवं दिसतं ते सगळं गवत नसतं. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात तो बहुधा ऊस असतो, माणसाच्या दुप्पट उंचीचा. माळरानावरचं खरं गवत तर आणखी फसवं. कुसळी गवत गुडघाभर वाढलं की त्याखाली दगड, बांध आणि पाणी अडवण्यासाठी खोदलेले समतल चर झाकले जातात. तेवढ्या चरात पुढचं चाक अडकलं तरी त्याचा दांडा मोडतो, नाक जमिनीत रुततं आणि विमान पालथं होतं. काळ्या रानात चराचीही गरज नाही. चांगला पाऊस होऊन गेला आणि वापसा आलेला नसला की माती चाकं धरून ठेवते. मुरमाड माळ त्या मानानं टणक. नांगरटीत किंवा सरीत उतरायची वेळ आली तर तासांना समांतर उतरावं, आडवं कधीच नाही. हे कुठल्याही शेतकऱ्याला कळतं. आपल्या विद्यार्थ्याला कळतं का?

सेस्ना 152 च्या पुस्तिकेत कोरड्या गवती धावपट्टीवर उतरताना जमिनीवरची धाव 45 टक्के जास्त धरायला सांगितली आहे. ओल्या गवताचा आकडा त्यात नाही. आणीबाणीच्या उतरण्यात ब्रेक जोरात दाबा, असं तीच पुस्तिका सांगते. टणक जमिनीवर ते बरोबर आहे. चिखलात तेच ब्रेक सगळा भार पुढच्या चाकावर टाकतात. हा फरक पुस्तिका सांगत नाही, तो प्रशिक्षकानं सांगायचा असतो.

वेगाचं गणित प्रत्येकाला तोंडपाठ हवं. ताशी 80 किलोमीटर वेगाचं विमान गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट धक्क्यानं एकसारखं थांबलं, तर त्याला तीन मीटरही लागत नाहीत. खांद्याचा पट्टा बांधलेला माणूस तेवढा धक्का सोसू शकतो. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट लागतं, अकरा मीटरांच्या वर. म्हणून तोंड वाऱ्याकडे, फ्लॅप पूर्ण, शेपूट किंचित खाली, आणि टेकण्याआधी दारांच्या कड्या उघड्या, कारण सांगाडा पिळवटला तर दारं उघडत नाहीत. पंख मोडू दे, चाकं तुटू देत. विमान वाचवायच्या नादात रस्त्यापर्यंत तरंगत न्यायचा प्रयत्न होतो, वेग घटतो आणि विमान हवेतच कोसळतं. त्या कोसळण्यातून वाचणं फार कठीण.

15 ऑक्टोबर 1932 ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे पस मॉथ घेऊन जुहूला उतरले, तेव्हा तिथे डांबरी धावपट्टी नव्हती. पावसाळ्यात ते मैदान पाण्याखाली जाई आणि सेवा पुण्याला हलवावी लागे. त्या पिढीला जमीन ओळखल्याशिवाय उडताच येत नव्हतं. आपल्याला डांबर मिळालं आणि ती ओळख सुटली.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक प्रशिक्षण संस्थेनं विद्यार्थ्यांना वर्षातून दोनदा, एकदा भर पावसाळ्यात आणि एकदा उन्हाळ्यात, सरावक्षेत्राखालच्या शिवारातून पायी फिरवावं, सोबत तिथला शेतकरी घ्यावा. आधी वरून दाखवलेलं शेत मग खाली जाऊन तुडवावं. आसपासच्या ग्रामसभांनाही भेटावं. पडलेल्या विमानाजवळ विडी-काडी पेटवू नका, पंख्याला हात लावू नका, उलट्या लटकलेल्या माणसाला आधी खालून आधार द्या आणि मगच पट्टा सोडा, एवढं तरी त्यांना सांगावं. सर्वांत आधी तिथे पोचणार आहेत ते तेच.

या आशयाचा ठराव दुपारच्या सत्रात मी मांडणार आहे. तो आपण एकमतानं मंजूर करावा आणि येत्या पावसाळ्यापासून अमलात आणावा, ही कळकळीची विनंती.