वाघोबा : आपला देव, आपली शीव
(वनहक्क दाव्यांच्या शिबिरातलं भाषण)



आज दाव्याचे कागद भरायचेत. त्याआधी एका नावावर बोलू. वाघोबा.

नाव फोडून बघा. वाघ आणि बा. बा म्हंजे बाप. विठोबा, खंडोबा, म्हसोबा, त्यांच्यातही हाच बा. वाघ गुरं उचलतो, कधी माणूसही मारतो. तरी वाडवडलांनी त्याला वैरी नाही म्हटलं, बाप म्हटलं. बापाचा धाक असतो, तसा आसराही असतो. जंगल त्याचं, आपण त्याचा मान राखून राहायचं, असा या नावाचा अर्थ.

वसुबारसेला गावोगाव गाय-वासराची पूजा होते. त्याच दिवशी आपल्यात वाघबारस. गुराखी वाघालाच पुजतात, आमची गुरं सांभाळ म्हणतात. ज्याची भीती, त्यालाच राखण सांगायची, ही आपली रीत.

आता डहाणू-जव्हारकडचा वाघोबा आठवा. दगडावर नाहीतर लाकडी फळीवर वाघ कोरलेला, वर चंद्र-सूर्य. कोकणातले शिलाहार राजे जमीन दान द्यायचे, तेव्हा तेही शिळेवर चंद्र-सूर्य कोरायचे. म्हंजे चंद्र-सूर्य आहेत तोवर हे दान कुणी मोडू नये. आपल्याला कुठल्या राजानं दान दिलं नाही. पण शिवेवरचा वाघोबा सांगतो, ही माणसं इथं कालपरवा आलेली नाहीत.

वनहक्क कायदा २००६ चा. त्याच्या २००८ च्या नियमांत नियम १३ बघा. पुराव्यांच्या यादीत जुन्या विहिरी, मसणवटा आणि पवित्र जागा आहेत. दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाबही चालतो. एकाहून जास्त पुरावे लागतात. वाघोबा हा एक, म्हाताऱ्याचा जबाब हा दुसरा.

म्हणून कागदावर नुसतं 'देवस्थान' लिहू नका. वाघोबा लिहा. कुठल्या शिवेवर, कुठल्या ओढ्याकाठी, कुठल्या झाडाखाली, पूजा कोण करतं, कुठल्या दिवशी, सगळं लिहा. नकाशावर खूण करा. ग्रामसभेत वाचून दाखवा. शेजारच्या गावालाही बोलवा, शीव त्यांचीही आहे.

उद्या कुणी येईल. म्हणेल, दगड हलवू, सिमेंटचं देऊळ बांधू, मोठ्या देवाचं नाव देऊ. त्याला पाणी द्या, बसवा, आणि सांगा : देव जागचा हलला, नाव बदललं, की आमचा पुरावाच गेला. वाघोबा आहे तिथंच राहील. आपणही.