तक्रार करणाऱ्याची कसोटी



"वरिष्ठांविरुद्ध बोलू नकोस, नोकरी जाईल," हा उपदेश आपल्या घराघरांत ऐकू येतो. त्यामागची भीती खोटी नाही. म्हणूनच अन्यायाबरोबर त्याविरुद्ध बोलणाऱ्यावर उगवल्या जाणाऱ्या सुडाचाही विचार केला पाहिजे. त्यासाठी अमेरिकेतील शिकागो शहराच्या पोलीस खात्याची हकीकत तुमच्यापुढे ठेवतो.

रेनॉल्ट रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय तरुण १९६४ मध्ये तेथे शिपाई झाला. त्याच्या कामाबद्दल वरिष्ठांचे शेरे उत्तम होते. १९६८ मध्ये त्याने काही सहकाऱ्यांसह कृष्णवर्णीय पोलिसांची संघटना स्थापन केली. भरतीत व बढतीत वर्णभेद होतो आणि कृष्णवर्णीय नागरिकांना पोलीस वाईट वागवतात, असे हे लोक उघडपणे सांगू लागले. लगेच वारे फिरले. कालचा उत्तम शिपाई आज बेशिस्त ठरला. क्षुल्लक कारणांवरून त्याला वारंवार निलंबित करण्यात आले. एवढ्यावरही भागेना, तेव्हा पोलीस मुख्यालयामागच्या गल्लीत त्याला पहाऱ्यावर उभे केले.

रॉबिन्सनने राजीनामा दिला नाही, हातही उगारला नाही. १९७० मध्ये संघटनेने केंद्रीय न्यायालयात दावा लावला. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने नोकरीतील भेदभावाला व तक्रारदारावरील सुडाला बंदी केली होती. १९७२ मध्ये ती बंदी शहरांच्या व राज्यांच्या नोकऱ्यांनाही लागू झाली. १९७३ मध्ये केंद्राच्या न्याय खात्याने स्वतःच शहरावर खटला भरला. भेदभाव चालू असेतो शहराला मिळणारे कोट्यवधी डॉलरचे केंद्रीय अनुदान न्यायालयाने अडवून धरले.

१९७६ मध्ये न्यायमूर्ती प्रेंटिस मार्शल यांनी निकाल दिला. भरतीच्या लेखी परीक्षेत कृष्णवर्णीय उमेदवार मोठ्या प्रमाणात गळत होते. पण त्या परीक्षेचा प्रत्यक्ष कामाशी संबंध काय, हे शहराला सिद्ध करता आले नाही. नव्या भरतीत ४२ टक्के जागा कृष्णवर्णीय व स्पॅनिश आडनावांच्या पुरुषांना आणि १६ टक्के स्त्रियांना द्याव्यात, असा आदेश झाला. १९८३ मध्ये फ्रेड राइस हे त्या खात्याचे पहिले कायम कृष्णवर्णीय प्रमुख झाले. रॉबिन्सन २०२३ मध्ये वारले.

सारे दोष मात्र संपले नाहीत. अल्पसंख्य वस्त्यांत हेच खाते बेकायदा बळ वापरते, असा ठपका न्याय खात्याने २०१७ मध्ये ठेवला. एका निकालाने सगळे सुधारत नाही, हेही मुलांना सांगावे.

पालकहो, सूड टिकला नाही, याची कारणे साधी आहेत. रॉबिन्सनचे आधीचे काम चोख होते, म्हणून नंतरचे आरोप उघडे पडले. तो एकटा नव्हता. आणि कायद्याचे नेमके कलम त्यांना ठाऊक होते. आपल्या राज्यघटनेचे सोळावे कलमही सरकारी नोकरीत सर्वांना समान संधीची हमी देते. ते मुलांकडून वाचून घ्या.

विद्यार्थी मित्रांनो, उद्या नोकरीत अन्याय झाला, तर तारीखवार टिपण ठेवा, अर्जाची नक्कल जपा, सहकाऱ्यांना विश्वासात घ्या. आणि दुसरा कोणी तक्रार करून एकटा पडला असेल, तर त्याच्या शेजारी जाऊन बसा. सुडाचे निम्मे बळ त्या एकटेपणातच असते.