सोलरच्या आधी लाइट बिल बघा
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेलं मार्गदर्शन)



सध्या गावोगाव सोलर विकणारे फिरतायत. "बिल शून्य होईल आणि लाइट कधी जाणार नाही," असं सांगतात. ऐकायला छान वाटतं. पण ही दोन वेगवेगळी कामं आहेत आणि साधा एकच संच ती दोन्ही करत नाही. म्हणून आधी घरात ठरवा, आपल्याला बिल कमी करायचंय, की लाइट गेल्यावर उजेड हवाय?

बिल कमी करायचं असेल तर ऑन-ग्रिड संच. दिवसा पॅनलची वीज घरात वापरायची, उरलेली लाइनवर जाते. नेट मीटर दोन्हीची नोंद ठेवतं आणि बिलात वजावट होते. यात बॅटरी नसते. त्यामुळे गावची लाइट गेली की भर उन्हातही हा संच बंद पडतो. हा बिघाड नाही बरं का! तो बंद पडला नाही, तर आपल्या छतावरची वीज तारेत जाऊन खांबावरच्या वायरमनला शॉक बसेल.

लाइट गेल्यावर उजेड हवा असेल तर बॅटरीचा, म्हणजे ऑफ-ग्रिड संच. दोन-तीन बल्ब, एक पंखा, मोबाईल चार्जिंग एवढ्याला छोटा संच पुरतो. बॅटरी मात्र काही वर्षांनी बदलावी लागते, तो खर्च आधीच धरा. दोन्ही कामं करणारा हायब्रीड संचही मिळतो, पण तो महाग पडतो.

आता अनुदान. 2024 साली पीएम सूर्यघर योजना सुरू झाली. तिच्यात घरगुती मीटरला जोडलेल्या 1 किलोवॅटच्या संचाला 30 हजार, 2 किलोवॅटला 60 हजार, आणि 3 किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला 78 हजार रुपये मिळतात. लाइनला न जोडलेल्या नुसत्या बॅटरीच्या संचाला हे अनुदान नाही. पैसे संच बसून तपासणी झाल्यावर खात्यात येतात.

संच केवढा घ्यायचा? बिलावर मागच्या महिन्यांचे युनिट छापलेले असतात, ते बघा. 1 किलोवॅटला साधारण 100 चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. चांगल्या उन्हात त्यातून दिवसाला 4 युनिटच्या आसपास वीज मिळते, पावसाळ्यात कमी. ज्या घरात महिन्याला 40-50 युनिटच जळतात, तिथं कर्ज काढून पॅनल बसवले तर हप्ता बिलापेक्षा मोठा होईल. फ्रीज आहे, पाण्याची मोटर आहे, दिवसभर शिलाई मशीन चालतं, अशा घराला फायदा जास्त. गिरणीचं वेगळं व्यावसायिक मीटर असेल, तर घरगुती अनुदान त्याला लागू नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. मीटर कुणाच्या नावावर आहे? बऱ्याच घरांत ते सासऱ्यांच्या नाहीतर मालकांच्या नावावर असतं. अर्ज त्याच नावानं होतो, अनुदानही त्यांच्याच खात्यात जातं. गटातलं कर्ज मात्र आपल्या नावावर! हप्ता आपण भरायचा आणि 78 हजार दुसऱ्या खात्यात. यात भांडायचं काही नाही, हा हिशोब आहे. कर्जाचा अर्ज देण्याआधीच घरात बोलून घ्या, की अनुदान आलं की ते आधी कर्जात भरायचं. गटानंही तसं इतिवृत्तात लिहून ठेवावं. जमत असेल तर मीटर आपल्या नावावर करून घ्या.

सही करण्याआधी एवढं विचारा:
- विक्रेता योजनेत नोंदणीकृत आहे का?
- पॅनल भारतात बनलेले आहेत का? अनुदानाला ते लागतातच.
- पॅनलची आणि इन्व्हर्टरची वॉरंटी किती वर्षं? दोन्ही वेगळ्या असतात.
- बिघाड झाला तर कोण येणार? नाव आणि नंबर कागदावर घ्या.
- निदान तीन ठिकाणचे दर घेतले का?

मोबाईलवर आलेला ओटीपी कुणालाही सांगू नका. "साहेबांनी मागितलाय" म्हटलं तरी नाही.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं घरचं लाइट बिल आणायचं. सीआरपी ताईंसोबत बसून एकेकीचे युनिट काढू. कुणाला सोलर परवडतं आणि कुणी सध्या थांबावं, ते आपलं आपल्यालाच कळेल.