नाक्यावरची वही : जाळ्यांमधील रहदारी आणि मुक्त साधनांची निवड

एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात जाणाऱ्या रहदारीवर लक्ष ठेवण्यासाठी मुक्तस्रोत साधन, म्हणजे ज्याची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता आणि बदलता येते असे साधन, निवडताना ‘उत्तम कोणते?’ हा प्रश्न प्रथम विचारला जातो. परंतु साधने येतात आणि जातात, नोंद मात्र मागे उरते, म्हणून निवड आधी नोंदीच्या साच्याची करावी, हे या व्याख्यानाचे प्रतिपाद्य आहे. माहिती पाकिटांच्या रूपाने प्रवास करते आणि राउटर तिला वाट दाखवतो, हे श्रोत्यांना ठाऊकच आहे.

या देखरेखीच्या तीन पातळ्या जुन्या जकात नाक्यावरून समजतात : नुसते ट्रक मोजणे, कोठून कोठे काय गेले ते वहीत लिहिणे, आणि ताडपत्री सोडून माल तपासणे.

पहिल्या पातळीचा इतिहास दोन वाक्यांत आटोपण्याजोगा आहे. १९९४ साली इंग्लंडमधील लेस्टरच्या डी माँटफर्ट विद्यापीठात बाहेरच्या जगाशी जोडणारी ६४ किलोबिटची एकच वाहिनी होती आणि तिचा भार सर्वांना दिसावा म्हणून टोबियास ओटिकर यांनी एमआरटीजी हे आलेख काढणारे साधन लिहिले. ते दर पाच मिनिटांनी राउटरचा मोजक वाचत असे. मात्र ३२ बिटांचा मोजक ४,२९,४९,६७,२९५ बाइटांपर्यंत मोजून पुन्हा शून्यावर येतो, आणि पूर्ण भरलेल्या १०० मेगाबिटच्या वाहिनीवर त्याला सुमारे ३४३ सेकंद लागत असले, तरी एक गिगाबिटच्या वाहिनीवर ३४ सेकंदच पुरतात. परिणामी दोन वाचनांमध्ये मोजक आठ वेळा शून्य होतो, वाहिनी तुडुंब भरलेली असताना आलेख निवांत दिसतो, आणि ज्या रिक्षाचा मीटर आपणहून मागे जातो ती रिक्षा पुण्यात अद्याप कोणाला मिळालेली नाही. (हशा) ६४ बिटांच्या मोजकांनी हा दोष दूर केला. परंतु दोन वाक्यांचे आश्वासन मोडले आहे आणि अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आहे.

दुसरी पातळी प्रवाह-नोंदीची. समान पत्ते व द्वारे (पोर्ट) असलेल्या पाकिटांचा गट म्हणजे प्रवाह. त्यासाठी सिस्कोने नेटफ्लो आणले आणि पुढे त्यातून आयपीफिक्स हे खुले मानक घडले. एनएफडम्प हे मुक्त साधन अशा नोंदी साठवते व शोधते, तर पीएमअ‍ॅक्ट त्यांना मार्गांच्या माहितीची जोड देऊन कोणत्या शेजारी जाळ्याशी किती देवाणघेवाण झाली ते सांगते. एसफ्लोसारख्या पद्धतीत हजारांतून एखादेच पाकीट नमुन्यादाखल घेतले, तर एकूण भाराचा अंदाज चांगला येतो, पण बारीक घुसखोरी निसटते.

तिसऱ्या पातळीवरचे झीक हे साधन, जे २०१८पर्यंत ब्रो या नावाने ओळखले जाई, संवादाचा तपशील नोंदवते. परंतु कूटबद्ध रहदारीत ताडपत्रीखाली कुलूपबंद पेट्याच दिसतात.

ही सारी साधने मुक्त असल्याने ‘फुकट ते पौष्टिक’ असा टोमणा येथे अपेक्षित आहे. मुक्त म्हणजे फुकट नव्हे, कारण परवान्याचा वाचलेला पैसा जाणत्या माणसाच्या पगारात जातो, आणि तो तेथेच जावा.

वेळ संपल्याने उर्वरित तुलना गाळून एवढेच सांगणे उरते : कोणतेही साधन बसवण्यापूर्वी त्याने लिहिलेली एका दिवसाची नोंद दुसऱ्या साधनात उघडून पाहावी, आणि ती उघडली नाही तर ते साधन निःसंकोच नाकारावे.