परिषदेस जावे, नगरही पाहावे



विद्वानांच्या परिषदेसाठी परदेशी जाऊन आलेल्या मनुष्याविषयी आपल्याकडे दोन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, 'परिषदेचे निमित्त काढून स्वारी फिरावयास गेली.' दुसरा म्हणतो, 'एवढा समुद्र ओलांडून गेला आणि सभागृहाच्या चार भिंती पाहून परत आला, करंटाच म्हणावयाचा!' दोन्ही बोलण्यांत थोडे थोडे तथ्य आहे. ते किती, हे आज एका जुन्या उदाहरणावरून पाहू. उदाहरण दूरच्या व्हिएन्ना शहराचे आहे. पण त्याचा धागा आपल्या वऱ्हाडापर्यंत कसा येतो, हे पुढे कळेलच.

१८८६ साली व्हिएन्नास प्राच्यविद्या पंडितांची सातवी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तीस आपले रामकृष्ण गोपाळ भांडारकर गेले होते. बारा वर्षांपूर्वी, १८७४ साली, लंडनच्या परिषदेचे आमंत्रण त्यांस होते. परंतु जाणे झाले नाही आणि नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांवरचा निबंध तेवढा त्यांनी पाठविला. आता कोणी विचारील, निबंध टपालाने जात असता मनुष्याने कशाला जावे? प्रश्न रास्त आहे. व्हिएन्नातही भांडारकरांनी रामानुजीय व पांचरात्र मतांवर निबंध सादर केला आणि तोही छापून निघाला. तेवढ्यासाठी जाण्याची गरज नव्हती.

गरज होती ती माणसांची. व्हिएन्नाच्या विद्यापीठात तेव्हा ब्यूलर हे संस्कृतचे अध्यापक होते. १८६३ पासून १८८० पर्यंत ते मुंबई इलाख्यात होते. गावोगाव हिंडून जुन्या पोथ्या मिळविण्याचे जे काम त्यांनी केले, तेच पुढे भांडारकरांनी चालविले. पोथी कोठे सापडली, ती किती विश्वासार्ह, कोणता अर्थ संशयास्पद, या गोष्टी समोरासमोर बसून जशा उलगडतात तशा पत्रांतून उलगडत नाहीत.

याच परिषदेत आणखी एक गोष्ट घडली. भारत सरकारने या देशातील भाषांची पद्धतशीर पाहणी करावी, असा ठराव तेथे झाला. परिषदेस ग्रिअर्सन हेही हजर होते. पुढे हे काम त्यांच्याच हाती आले आणि १९२८ पर्यंत चालले. १७९ भाषा व ५४४ बोली त्यात नोंदविल्या गेल्या. १९०५ साली निघालेला सातवा खंड मराठीचा आहे आणि त्यात आपली वऱ्हाडी आहे! बायबलातील उधळ्या पुत्राची गोष्ट बोलीबोलींतून लिहवून घेतली, तशी ती वऱ्हाडीतही घेतली. ज्या बोलीला शहरातले लोक हसत, तिला अभ्यासाचा विषय म्हणून मान मिळाला. त्याचे एक मूळ व्हिएन्नाच्या त्या ठरावात आहे. एरवी परिषदांतले ठराव दप्तरातच राहतात. हा मात्र फळाला आला.

हे झाले सभागृहातले. पण सभागृहाबाहेरचे व्हिएन्ना न पाहता परतणे हेही शहाणपणाचे नव्हे. या शहराला तुर्कांनी १५२९ साली आणि पुन्हा १६८३ साली वेढा घातला. १६८३ म्हणजे आपले संभाजी महाराज गोव्याच्या पोर्तुगीजांशी झुंजत होते ते वर्ष. ज्या तटाने १६८३ चा वेढा सोसला तोच तट बादशहा फ्रान्झ योसेफ याने १८५७ साली पाडावयास सांगितला. त्या जागी नगराभोवती एक रुंद वर्तुळाकार रस्ता आखला; तो १८६५ साली खुला झाला. त्याच्या कडेने नगरसभागृह, संसदभवन आणि विद्यापीठ उभे राहिले. विद्यापीठ १३६५ सालचे, पण त्याची ही नवी वास्तू १८८४ सालची. म्हणजे परिषद भरली तेव्हा अवघी दोन वर्षांची. आणि मधोमध सेंट स्टीफनचे प्राचीन मंदिर १३६ मीटर उंच मनोरा घेऊन जसेच्या तसे उभे होते.

हे पाहणाऱ्याच्या मनात प्रश्न उठला पाहिजे, की जुन्यापैकी काय ठेवावे आणि काय मोडावे? अचलपूरचा परकोट व दरवाजे, गाविलगडचे बुरूज यांविषयी हाच प्रश्न आपल्यापुढे आहे. व्हिएन्नाने केले तेच आपण करावे असे आम्ही म्हणत नाही. तेथे तट पडला म्हणून येथे पाडावा, हा तर्क नव्हे. पण त्यांनी विचार करून मोडले. आपल्याकडे पुष्कळदा दुर्लक्षानेच मोडते आणि मोडल्यावर कोणास आठवणही राहत नाही.

आता पहिल्या पक्षाचे म्हणणे. आज प्रवास सोपा झाला आहे. सकाळी हजेरीपटावर सही करावयाची आणि दुपारी राजवाडे पाहावयास निघावयाचे, असे घडत नाही काय? विद्यापीठाचा पैसा हा शेवटी जनतेचा पैसा आहे. त्यात आपल्या कापूस पिकविणाऱ्याचाही वाटा आहे. म्हणून आम्हांस तीन पथ्ये सुचतात. परिषदेचे दिवस परिषदेलाच द्यावेत आणि नगरदर्शनाचे वाढीव दिवस स्वखर्चाचे असावेत. जाण्यापूर्वी त्या नगराचा इतिहास वाचून जावे. नाहीतर दगड दिसतात, नगर दिसत नाही. आणि तिसरे, परत आल्यावर लोकांना सांगावे. भांडारकरांनी मुंबईच्या एशियाटिक सोसायटीपुढे आपल्या भेटीचा वृत्तांत वाचून दाखविला होता. प्रवासाचे ऋण असे फेडावयाचे असते.

एक शेवटचे. अमरावतीच्या विद्यापीठातही परिषदा भरतात, बाहेरचे अभ्यासक येतात. त्यांना आपण काय दाखवितो? आपल्या दर्यापूर तालुक्यातच लासूरचे आनंदेश्वराचे हेमाडपंती मंदिर आहे. 'लीळाचरित्रा'शी नाते असलेले रिद्धपूर याच जिल्ह्यात आहे आणि तेथे आता मराठी भाषा विद्यापीठही सुरू झाले आहे. पाहुण्याला तेथे नेऊन चार शब्द सांगता येतील, असे दहा तरुण जरी या गावात तयार झाले, तरी व्हिएन्नाच्या गोष्टी ऐकल्याचे सार्थक झाले असे आम्ही मानू.