मदतीचं पान आधी उघडा



  प्रथेनुसार अध्यक्ष म्हणून मी वर्षभराचा आढावा घ्यायला हवा. तो अहवालात छापलेला आहे, आपण वाचालच. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती अनेक वर्षं मनात साठली आहे. आपण संगणक-शिक्षक मुलांना एडिटर शिकवतो, पण एडिटरच्या पोटातली मदत शिकवत नाही.

व्हिम या एडिटरचंच घ्या. ब्राम मोलेनार यांनी १९९१ मध्ये तो प्रसिद्ध केला आणि २०२३ मध्ये निधन होईपर्यंत सांभाळला. २००१ च्या सहाव्या आवृत्तीपासून त्यात संदर्भपुस्तिकेच्या जोडीला पहिल्या धड्यापासून क्रमाने शिकवणारी वापरपुस्तिकाही आहे. ‘:हेल्प’ लिहून एंटर दाबा, दार उघडतं. दुव्यावर कर्सर ठेवून कंट्रोल आणि उजवा चौकटी कंस दाबला की त्या विषयावर, कंट्रोल-ओ दाबलं की माघारी. नेमका विषय आठवत नसेल तर ‘:हेल्पग्रेप’ सगळी पानं धुंडाळतो. एकच कळ नॉर्मल मोडमध्ये एक काम करते आणि इन्सर्टमध्ये दुसरं; इन्सर्टमधला अर्थ हवा असेल तर कळीच्या नावाआधी ‘आय’ आणि अधोरेषा लावायची. एवढं पहिल्या तासाला का सांगत नाही आपण?

सकाळच्या सत्रात दोन मतं मांडली गेली. एक, मदतीचं इंग्रजी आपल्या मुलांना झेपत नाही. दुसरं, नेटवर उत्तर मिळत असताना ही पानं वाचायची कशाला? दोन्ही मतांना माझं उत्तर एका रात्रीत आहे.

त्या रात्री एका ग्राहकाच्या सर्व्हर-खोलीत वीज गेली आणि जिच्यावर दिवसभर काम चाललं होतं ती कॉन्फिगरेशन फाइल अर्धवट राहिली. वीज आल्यावर फाइल उघडली तर समोर ई३२५ ही सूचना: या फाइलची स्वॅप फाइल, म्हणजे न साठवलेल्या बदलांची तात्पुरती नोंद, सापडली आहे. सुरक्षेच्या नियमांमुळे तिथे नेट नव्हतं आणि फोन बाहेर जमा. बरोबरचे अनुभवी लोक म्हणाले, स्वॅप फाइल उडवा आणि पुढे चला. माझी एक विद्यार्थिनी, तालुक्याच्या मराठी शाळेत शिकलेली, शांतपणे ‘:हेल्प ई३२५’ लिहून वाचायला बसली. व्हिमच्या त्रुटीची माहिती मदतीत तिच्या क्रमांकावरून शोधता येते, हे तिला वर्गात सांगितलं होतं. तिने आधी ती फाइल दुसरीकडे उघडी नाही ना, हे तपासलं. मग मजकूर परत मिळवला, वेगळ्या नावाने साठवला, मूळ फाइलशी ताडून पाहिला आणि मगच स्वॅप फाइल पुसली. व्हिम दर २०० अक्षरांनंतर किंवा हात ४ सेकंद थांबला की स्वॅप फाइलमध्ये नोंद करतो, म्हणून दिवसभराचं जवळजवळ सगळं काम वाचलं. अनुभवी लोकांचा सल्ला ऐकला असता तर ते सगळं गेलं असतं. इंग्रजी तिला सावकाश वाचावं लागलं, पण वाचता आलं. आणि तिच्यासमोरची मदत तिच्याच यंत्रावरच्या आवृत्तीची होती. नेटवरचं उत्तर कोणत्या आवृत्तीचं असतं, हे आपल्यापैकी किती जण तपासतात?

तक्रार इथेच संपत नाही. डेबियनच्या ‘व्हिम-टायनी’ पॅकेजमध्ये मदतीची ही पानं नसतात. ती ‘व्हिम-रनटाइम’मधून येतात. प्रयोगशाळा उभारताना जागा वाचवायची म्हणून आपण छोटं पॅकेज टाकतो आणि मुलं काही वाचत नाहीत म्हणून कुरकुरतो. वाचायला ठेवलंय काय आपण त्यांच्यासमोर?

ही मदत आपल्याला वाढवताही येते. घरच्या व्हिम-फोल्डरमधल्या ‘डॉक’मध्ये साधी मजकूर फाइल ठेवा, विषयाचं नाव दोन तारकांमध्ये लिहा, ‘:हेल्पटॅग्ज’ चालवा. तुमचं पान मूळ पानांच्या पंगतीला बसतं. भाषांतराचीही सोय आहे: ‘हेल्पलँग’मध्ये भाषा सांगायची, त्या भाषेत पान नसेल तर व्हिम इंग्रजी पान उघडतो. म्हणजे पुस्तिका पुरी होईपर्यंत थांबायचं कारण नाही, एक-एक पान घालता येतं. जपानी भाषकांनी हे काम केलं आहे. ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरमध्ये तर आपण लिहिलेल्या फंक्शनचं वर्णन कंट्रोल-एच आणि एफ दाबून अंगभूत फंक्शनसारखंच समोर येतं.

तेव्हा कामं अशी: वापरपुस्तिकेचे पहिले धडे मराठीत आणायचे, प्रयोगशाळेच्या नियमांची मदत-फाइल प्रत्येक यंत्रावर ठेवायची आणि एक छोटी समिती नेमायची. कोणी काय करायचं ते नंतर बसून ठरवू.

पण एका गोष्टीला समिती लागत नाही. उद्या वर्गात विद्यार्थी प्रश्न घेऊन आला, की उत्तर देऊ नका. त्याच्या शेजारी बसा आणि म्हणा, आधी मदत उघड. त्याला ती उघडता येत नसेल, तर आपण त्याला अजून एडिटर शिकवलेलाच नाही.